ईएसजी फंडाचा रिव्ह्यू: दारू नको, तंबाखू नको, लोटे एमआयडीसीचं पाणी मात्र चालतं

दोन स्टार देतोय, त्यातला एक ॲप नीट चालतं म्हणून. फंडाचं नाव लिहीत नाही कारण भांडण एका फंड हाऊसशी नाहीच, नंतर मी बाकीच्या काही ईएसजी फंडांच्या फॅक्टशीट (कुठल्या कंपनीत किती पैसा आहे ते सांगणारा फंडाचा कागद) काढून बाजूबाजूला ठेवल्या तर वरच्या दहा नावांत उन्नीस-बीसचाच फरक निघाला, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या सगळ्या जातीचाच समजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार या तीन गोष्टी तपासून शेअर घेणारा फंड. हे नाव २००४ साली युनोच्या एका रिपोर्टातून पुढे आलं, आपल्याकडे २०१८ ते २०२१ या काळात फंड हाऊसवाल्यांनी भराभर स्कीम काढल्या. नफाही मिळवा आणि मनही स्वच्छ ठेवा अशी साधारण जाहिरात. फोटोत हिरवं पान, पवनचक्की आणि हसणारी बाई, आणि ती बाई कुठल्याच अँगलने चिपळूणची वाटत नाही.

आमचे पैसे हायवेचे. मुंबई-गोवा चौपदरीकरणात रस्त्याला लागून असलेला जागेचा तुकडा गेला, त्यावरची कलमं गेली, मोबदला आला. आईचं एकच म्हणणं होतं की झाडं तोडून आलेला पैसा आहे तर निदान तो कोणाच्या वाईटावर लावू नकोस. मी बँकेत एफडी करायला गेलो आणि तिथल्या आरएमला, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजरला, बोलता बोलता हे सांगितलं, झालं, त्याचे डोळेच चमकले. "दादा, मग तुमच्यासाठीच आहे हे प्रॉडक्ट." पोरगा चांगला आहे, देवरुखचा आहे, त्याला टार्गेट असतं, त्याच्यावर राग नाही. घरी येऊन ब्रोशर वाचलं, बरं वाटलं, थोडी रक्कम टाकली. सगळी नाही टाकली कारण फॅक्टशीट वाचल्याशिवाय सगळी रक्कम टाकायची नाही हा आमच्याकडचा नियम आहे.

आता फॅक्टशीट. पहिल्या दहात मोठ्या खाजगी बँका, मोठ्या आयटी कंपन्या, एक टेलिकॉम, एक गाड्यांची. शेजारी साधा निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टीतले शेअर जसेच्या तसे घेणारा, उघडून ठेवा, अर्धीअधिक नावं तीच. फरक कुठे आहे? सिगारेटवाली कंपनी नाही, दारूवाली नाही, कोळसा खाणवाली नाही. बस. निफ्टी १०० ईएसजी म्हणून जो इंडेक्स आहे त्यातही तंबाखू, दारू, जुगार आणि वादग्रस्त शस्त्रं वगळलेली असतात. म्हणजे माडावर चढून माडी उतरवणारा माझा शेजारी यांच्या पापाच्या यादीत बसतो, पण नदीत काहीबाही सोडणारा बसायला आधी कोणीतरी त्याला पकडून दंड करायला पाहिजे आणि तो दंड पेपरात यायला पाहिजे.

आणि या साध्या फरकासाठी रेग्युलर प्लॅनला (ज्यात विकणाऱ्याचं कमिशन असतं) वर्षाचा खर्च दोन टक्क्यांच्या वर. इंडेक्स फंड पाव टक्क्याच्या आत मिळतो. एवढा फरक कशाचा तर रिसर्चचा म्हणे.

बँकांचं जरा सविस्तर सांगतो कारण माझं सगळ्यात जास्त डोकं इथेच फिरलं. बँकेला पर्यावरणात मार्क चांगले पडतात कारण बँकेला धुराडं नसतं. तिच्या रिपोर्टात शाखांची वीज, जनरेटरचं डिझेल, कागद किती वाचवला, एलईडी किती लावले हे सगळं आकड्यांसकट असतं. पण कर्ज कोणाला दिलं आणि त्या कर्जावर काय उभं राहिलं, औष्णिक वीज की केमिकलचा प्लांट, त्याच्या धुराचा हिशेब द्यायची सक्ती सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, फॉरमॅटमध्ये नाही, तो भाग ऐच्छिक आहे. म्हणजे फंड कोळशाची कंपनी विकतो आणि त्या कंपनीला पैसे देणारी बँक विकत घेतो आणि दोन्ही करून हिरवाच राहतो. कोळशाच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, त्याच्या सावकाराच्या हातात दिले तर चालतात. हे मी आरएमला विचारलं तर बोलला, "दादा एवढं खोलात कोणी जात नाही." अरे मग दोन टक्के कशाचे घेता, खोलात जायचेच ना?

आईने मात्र एकच प्रश्न विचारला. तिचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. लोटे-परशुरामची एमआयडीसी, म्हणजे केमिकल कारखान्यांची वसाहत, झाल्यापासून त्या खाडीचं काय झालं हे खेड, चिपळूण, दापोली, गुहागर चारही तालुक्यांत कोणालाही विचारा, मासे मरून वर तरंगल्याच्या बातम्या कधीच्या येतायत, तिथले भोई आणि दालदी किती वर्षं अर्ज-विनंत्या, मोर्चे करतायत. तर आई बोलली, "लोट्याचं पाणी कुठं जातं ते इचारलंस काय त्याला?"

विचारलं. फंडाच्या कस्टमर केअरला रीतसर मेल केला की तुमच्या पोर्टफोलिओत ज्या केमिकल आणि औषध कंपन्या आहेत त्यांचे प्लांट, किंवा त्यांना कच्चा माल देणारे प्लांट, कोकणातल्या एमआयडीसींमध्ये आहेत का आणि त्यांच्या सांडपाण्याचं तुम्ही काय बघता. उत्तर आलं की आमची गुंतवणूक प्रक्रिया भक्कम असून अधिक माहितीसाठी स्कीम इन्फॉर्मेशन डॉक्युमेंट पाहावे. पाहिलं. त्यात 'भक्कम' आणखी दोन ठिकाणी आहे.

मग स्वतःच कंपन्यांचे बीआरएसआर रिपोर्ट काढले. हा सेबीने वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा केलेला, पर्यावरण आणि समाजाच्या हिशेबाचा रिपोर्ट, फुकट मिळतो, कंपनीच्या वेबसाईटवर किंवा एक्स्चेंजवर. त्यात पाण्याचा एक तक्ता असतो, वापरलेलं पाणी नंतर सोडलं कुठे: नदी-नाल्यात, जमिनीत, समुद्रात, की तिसऱ्या पार्टीला दिलं, आणि प्रत्येकासमोर प्रक्रिया करून की न करता. आता गंमत बघा. लोट्याला कारखान्याचं पाणी जातं सामायिक प्रक्रिया केंद्राकडे, ज्याला सगळे सीईटीपी बोलतात, आणि तिथून पाईपने करंबवण्याच्या खाडीत. कारखान्याच्या दृष्टीने सीईटीपी ही तिसरी पार्टी. म्हणजे तक्त्यात समुद्रात शून्य, नदीत शून्य, तिसऱ्या पार्टीला इतके किलोलिटर, प्रक्रिया करून. एकही अक्षर खोटं नाही आणि खाडीचं नाव कुठेच नाही. वर आकडा सगळ्या देशातल्या सगळ्या प्लांटचा मिळून एक, त्यामुळे लोट्याचं किती, महाडचं किती, वापीचं किती हे काढायला गेलात तर कपाळावर हात.

बरं लोट्याला लहान युनिटं भरपूर, ती शेअर बाजारात नाहीतच. ती मोठ्या कंपनीला मधला माल बनवून देतात. घाण काम इकडे, स्वच्छ बॅलन्सशीट तिकडे. हे धरायला म्हणून सेबीने आधी पुरवठादारांची माहितीही मागायची असं ठरवलं होतं, वरच्या २५० कंपन्यांसाठी, मग मुदत पुढे ढकलली आणि आता ती ऐच्छिक करून टाकली. ऐच्छिक म्हटल्यावर काय, आमच्याकडे घरपट्टी ऐच्छिक केली तर ग्रामपंचायतीत किती जमा होईल?

रेटिंगचं आता. फंडवाले स्वतः खाडीवर येत नाहीत, ते रेटिंग एजन्सीचे मार्क घेतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सहा एजन्सींचे मार्क ताडून बघितले तर एकमेकांशी जुळणी सरासरी ०.५४ निघाली (१ म्हणजे पूर्ण जुळणी), कर्जाच्या क्रेडिट रेटिंगमध्ये हीच जुळणी ०.९ च्या वर असते. म्हणजे एकाच पोराला एका मास्तरने पहिला नंबर दिला आणि दुसऱ्याने एटीकेटी. त्यात २०२२ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एस अँड पी ५०० ईएसजी इंडेक्समधून विजेच्या गाड्या बनवणारी टेस्ला बाहेर गेली आणि तेलवाली एक्सॉन आत राहिली. टेस्लाचे कामगारांच्या वागणुकीवरून वगैरे मार्क कापले, त्यालाही कारणं होती, पण बघणाऱ्याने समजायचं काय?

पण मार्क जुळत नाहीत ही माझी खरी तक्रार नाही. मार्क मोजतात काय, ही आहे. यातली सगळ्यात मोठी एजन्सी स्वतःच सांगते की आमचं रेटिंग कंपनीवर येऊ शकणारी आर्थिक जोखीम बघतं. म्हणजे कंपनीमुळे खाडीचं काय झालं हा प्रश्न नाही, खाडीमुळे कंपनीचं काही नुकसान होईल का हा प्रश्न आहे. आता विचार करा, जिथे दंड होत नाही, खटला वर्षानुवर्षं चालतो, प्रदूषण बोर्डाचा माणूस नमुना घेऊन जातो आणि रिपोर्ट कधी येतो कळत नाही, तिथे कंपनीला जोखीम कमी. जोखीम कमी म्हणजे मार्क चांगले. जेवढा गावाचा आवाज लहान तेवढा शेअर हिरवा. हे ब्रोशरच्या पहिल्या पानावर टाका ना, त्या हसणाऱ्या बाईच्या खाली.

सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचा खर्च, याबद्दलही लोक गल्लत करतात, आरएमनेही केली, तो बोलला "दादा या कंपन्या सीएसआर पण खूप करतात". अरे सीएसआर हा कायदा आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल तर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचेच. नफा कसा कमावला याच्याशी त्या दोन टक्क्यांचा संबंध नाही. त्यातही काय धरायचं आणि काय नाही हे वेगळंच. २०२० साली कोरोनात पीएम केअर्सला दिलेले पैसे सीएसआर धरले आणि मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेले धरायचे नाहीत असं केंद्राने स्पष्ट केलं. पुढच्या वर्षी २२ जुलैला आमचं चिपळूण बुडालं, बाजारपेठेत पहिला मजला पाण्यात, तेव्हाही नियम तोच. खाडीकाठच्या एका शाळेत मी स्वतः बघितलंय, पाणी शुद्ध करायचं मशीन, त्यावर कंपनीचं नाव मोठ्ठं, उद्घाटनाचा फोटो फ्रेम करून लावलेला. मशीनवर नाव असतं, पाईपवर कोणाचंच नसतं.

आणि हे कोकणी माणसाला नव्याने का सांगायचं? आपल्या दारात एन्रॉन होऊन गेलंय, दाभोळचा वीज प्रकल्प काढणारी अमेरिकन कंपनी. रिस्पेक्ट, इंटिग्रिटी, कम्युनिकेशन, एक्सलन्स, ही त्या कंपनीची चार तत्त्वं, साठावर पानांची आचारसंहिता छापून २००० साली कामगारांना वाटली होती. त्याच्या आधीच, १९९७ ला ॲम्नेस्टीने आणि १९९९ ला ह्युमन राइट्स वॉचने दाभोळ प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गुहागरच्या लोकांवर पोलिसांनी काय केलं ते लिहून काढलं होतं. अंजनवेल, वेलदूरच्या बायकांना घरातून ओढून नेल्याच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात. इकडे हे चालू आणि तिकडे अमेरिकेत लागोपाठ सहा वर्षं सगळ्यात कल्पक कंपनीचा मान. २००१ च्या डिसेंबरला दिवाळं. त्या काळात ईएसजी फंड असता तर त्याने एन्रॉन घेतला असता, माझी पैज, आणि 'एस'ला, म्हणजे समाजाच्या भागाला, पैकीच्या पैकी दिले असते.

उलटंही उदाहरण रत्नागिरीचंच आहे आणि ते मला फार आवडतं. १९९३ च्या सुमारास रत्नागिरीत स्टरलाईटचा तांब्याचा कारखाना उभा राहत होता. आंबेवाले, मच्छीमार, गावातले डॉक्टर-वकील सगळे रस्त्यावर आले, काम थांबलं, कारखाना तामिळनाडूत तूतुकुडीला गेला. तिथे पुढे मे २०१८ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसं गेली. आता नॉर्वेचा सरकारी फंड, जगातला सगळ्यात मोठा, नीतिमत्तेचं नाव निघालं की त्याचंच उदाहरण देतात, त्याने त्याच ग्रुपला, वेदांतला, बाहेर काढलं २००७ साली. रत्नागिरीच्या बागायतदाराला जे कळलं ते ओस्लोला कळायला चौदाएक वर्षं गेली, आणि बागायतदाराने त्यासाठी मॅनेजमेंट फी घेतली नाही. बरं त्या नॉर्वेच्या फंडाने तंबाखूवालेही २०१० ला काढले, कोळसावालेही काढले, छान, पण फंडातला पैसा मुळात आला कुठून? उत्तर समुद्रातल्या तेल आणि गॅसमधून. तेलाच्या बड्या कंपन्या अजून आत आहेत. तत्त्व पाळायचं, फक्त स्वतःच्या पोटावर पाय येईपर्यंत.

पोटावर आलं की यादी कशी बदलते त्याचं २०२२ हे चांगलं वर्ष. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध चालू झालं, स्वीडनच्या एसईबी बँकेने शस्त्रांच्या कंपन्या आपल्या फंडांना बंद केल्या होत्या, त्या एप्रिलपासून काही फंडांत परत चालू केल्या. जुलैत युरोपच्या संसदेने अणुवीज आणि गॅस काही अटींवर हिरव्या यादीत बसू दिले. आता जैतापूरला माडबनच्या सड्यावर ९९०० मेगावॅटचा फ्रेंच अणुप्रकल्प यायचाय, त्याविरुद्धच्या आंदोलनात २०११ साली साखरी नाटेत गोळीबारात एक जण गेला. अणुवीज चांगली की वाईट यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, मी स्वतः पूर्ण विरोधात नाही. पण माडबनचा सडा तोच, समुद्र तोच, मच्छीमार तेच, आणि हिरवं की नाही हे ठरलं तिकडे युरोपच्या संसदेत, स्ट्रासबर्गला, मत टाकून. साखरी नाटेला कोणी विचारलं?

फंडात चांगलं काही नाहीच असं नाही. कारभाराची बाजू ते बऱ्यापैकी बघतात, प्रमोटरचे शेअर गहाण किती, ऑडिटर अचानक सोडून गेला का, घरच्याच कंपन्यांशी व्यवहार किती, आणि त्यामुळे काही बुडीत कंपन्यांपासून वाचता येतं हे मान्य. शेअरधारकांच्या ठरावांवर फंडाने मत कुठे दिलं आणि का, हेही त्यांना जाहीर करावं लागतं, तो तक्ता वाचण्यासारखा असतो. बहुतेक 'विरोधात' मतं पगार आणि संचालकांच्या नेमणुकीवर, पाण्यावर एकही मला सापडलं नाही. शिवाय २०२३ च्या जुलैत सेबीने नियम घट्ट केले, स्कीम नेमकी कुठल्या प्रकारची ते नावातच लिहायचं, वगळणारी की सर्वोत्तम निवडणारी की आणखी कुठली, आणि ८० टक्के पैसा त्या धोरणाप्रमाणेच लावायचा. हे चांगलंच झालं. जर्मनीच्या डीडब्ल्यूएस या फंड कंपनीला ईएसजीच्या नावाने मारलेल्या थापांसाठी २०२३ ला अमेरिकेत १.९ कोटी डॉलर दंड बसला, आपल्याकडे निदान पाटी तरी खरी लावायला सांगितली.

रिटर्नबद्दल फार लिहीत नाही, बाजार चढला तेव्हा चढला, पडला तेव्हा पडला, पोर्टफोलिओ जवळजवळ निफ्टीचाच म्हटल्यावर दुसरं काय होणार.

कोणी घ्यावा? ज्याला सिगारेट-दारूच्या कंपनीत पैसा नको एवढीच अट आहे त्याने घ्यावा, पण डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मध्ये कमिशन नसलेला. ज्याला खाडी, आंबा, गाव यांची काळजी आहे त्याने यातून काही होईल असं समजून घेऊ नये, त्यापेक्षा कंपनीचा एक शेअर स्वतः घ्या आणि वार्षिक सभेला, हल्ली ऑनलाईनच असते, शेअरधारक म्हणून सांडपाण्याचा प्रश्न लेखी पाठवा. मी पाठवलाय एका ठिकाणी, उत्तर आलं की लिहीन.

आणि आधीच रेग्युलरमध्ये घेतला असेल तर एक लक्षात ठेवा, रेग्युलरमधून डायरेक्टला स्विच केलं तरी ते विक्रीच धरतात. वर्षाच्या आत केलंत तर एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याची कपात, बसू शकतो आणि नफ्यावर २० टक्के टॅक्स, वर्षानंतर १२.५ टक्के, तोही वर्षाचा एकूण नफा सव्वा लाखाच्या वर गेला तरच. आरएम हे आपणहून सांगत नाही, आधी तारीख बघा आणि मग बटण दाबा.